पाणी मुरतंय कुठे?

कूलंटच्या बाटलीतली पातळी पुन्हा खाली गेलेली असते. मागच्याच आठवड्यात तर खुणेपर्यंत भरली होती. गाडीखाली वाकून पाहावं, तर फरशी कोरडी ठणठणीत. रेडिएटरवर ओल नाही, पाइपांच्या तोंडाशी थेंब नाही. मग हे पाणी मुरतंय तरी कुठे?

जुनी गाडी सांभाळणाऱ्या अनेकांना हे कोडं कधी ना कधी पडतं. पाणी बाहेर सांडत नसेल, तर ते आत जात असणार. पुष्कळदा ते इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती सायलेन्सरमधून निघून जाते. तसं होऊ नये म्हणून इंजिनात एक पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याचं नाव हेड गॅस्केट.

‘हेड गॅस्केट गेलंय’ हे वाक्य ऐकलं की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. वस्तू स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं आणि मजुरी त्याची पडते. साध्या, जुन्या इंजिनावर मात्र हे काम दोन-तीन मित्रांच्या मदतीने घरच्या पार्किंगमध्येही होऊ शकतं. आमच्या मित्रमंडळींनी ते एका जुन्या मारुती ८०० वर केलं आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. या कामात हातातल्या जोराला फारसं महत्त्व नाही. क्रम, स्वच्छता आणि सपाटी या तीन गोष्टी सांभाळल्या तर काम टिकतं, नाहीतर नवंकोरं गॅस्केटही काही महिन्यांत जातं. असं का, ते पाहू.

एक पत्रा, तीन कामं

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात. वरचं हेड, ज्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ब्लॉकवर हेड ठेवून लांब बोल्टांनी आवळलं की इंजिन बंद होतं. या दोघांच्या मध्ये गॅस्केट असतं.

स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवा. झाकण आणि भांडं कितीही नीट घडवलं तरी दोन धातू एकमेकांवर अगदी तंतोतंत बसत नाहीत. ती फट रिंग भरून काढते. हेड गॅस्केटचं तत्त्व तेच, पण त्याची परीक्षा कितीतरी कठीण. कुकरच्या रिंगेला एकच गोष्ट अडवायची असते, ती म्हणजे वाफ. हेड गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात: सिलिंडरमधला जळता वायू, थंडावा देणारं पाणी आणि वंगण देणारं ऑइल. हे तिन्ही काही मिलिमीटरांच्या अंतरावर शेजारी शेजारी वाहत असतात.

दाबातला फरक तर त्याहून मोठा. कुकरची शिट्टी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उडते. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालताना सिलिंडरमधला दाब क्षणभर त्याच्या पन्नास पटींच्या घरात जातो आणि जळत्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर पोचतं. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस सेंटिमीटर. हिशेब केला तर प्रत्येक स्फोटाला एकेक सिलिंडर हेडला सुमारे १,८०० किलोचा धक्का वर देतो. ही अख्खी गाडी साडेसहाशे किलोंच्या आसपास भरते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर असे धक्के एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतात.

जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉसचा थर आणि सिलिंडरच्या भोकांभोवती धातूची कडी असे. आता ग्रॅफाइटची किंवा पोलादी पत्र्यांचे अनेक थर एकत्र केलेली गॅस्केट येतात. पोलादी प्रकारात भोकाभोवती पत्र्याला बारीक उंचवटा दिलेला असतो. हेड आवळलं की तो दबतो आणि उलटा रेटा देत राहतो. त्यामुळे हेड किंचित वर उचललं गेलं तरी फट उघडत नाही.

ते जातं कशामुळे?

गॅस्केट वयामुळेही जातं, पण बहुतेक वेळा त्याचा घात करते ती उष्णता. तापल्यावर धातू पसरतात, पण सगळे सारखे पसरत नाहीत. फूटभर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतं. तेवढाच बिडाचा ब्लॉक जेमतेम पाव मिलिमीटर लांबतो. ज्या इंजिनात बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असतं, तिथे प्रत्येक प्रवासात हे दोघे गॅस्केटवर सूक्ष्म घसरतात. इतकं गॅस्केट सोसतं, कारण ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

पण कसारा किंवा खंबाटकीच्या चढाला, मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या गाडीचा पंखा बंद पडला की गोष्ट वेगळी होते. पाणी उकळून कमी झालं की हेडचा काही भाग पाण्याविना राहतो आणि एकाच जागी भयंकर तापतो. तापलेल्या भागाला पसरायचं असतं, पण बोल्टांनी त्याला जखडलेलं असतं. मग ॲल्युमिनियम दबतं, आणि थंड झाल्यावर हेड पूर्वीसारखं सपाट राहत नाही, बाकदार होतं. जिथे दाब कमी झाला तिथून जळता वायू वाट काढतो आणि गॅस्केट जाळत जातो.

ओळखायचं कसं?

गळती कोणत्या दोन वाटांमध्ये झाली, त्यावर लक्षणं ठरतात.

पाणी सिलिंडरमध्ये शिरत असेल, तर इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येत राहते आणि तिला कूलंटचा गोडसर वास असतो. हिवाळ्यातल्या सकाळी सुरुवातीची काही मिनिटं दिसणारी वाफ नेहमीची, तिला घाबरू नये. वायू पाण्यात शिरत असेल, तर थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाइप टणक होतो आणि पाण्यात बुडबुडे येत राहतात. पाणी ऑइलमध्ये मिसळलं, तर डिपस्टिकवर दुधाळ तपकिरी चिकटा दिसतो. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली असा थर दिसला, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. रोज थोड्याच अंतरासाठी गाडी चालवली तरी तिथे दमटपणा साचतो.

खात्री करायची असेल, तर दोन चाचण्या आहेत. पहिली कॉम्प्रेशनची. प्लग काढून तिथे दाबमापक लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी दिसला, तर त्यांच्यामधली गॅस्केटची अरुंद पट्टी गेल्याचा दाट संशय घ्यावा. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची. रेडिएटरमधली हवा या द्रवातून ओढून घेतात. ज्वलनात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड त्या हवेत असला, तर द्रव आम्लधर्मी होतो आणि निळ्याचा पिवळा होतो.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्टर मारताच ठक् आवाज करून अडली, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मित्र लागतात ते कशासाठी?

हेड उचलायला दोन माणसं हवीतच. पण मित्रांचा खरा उपयोग आठवणीसाठी आणि दुसऱ्या नजरेसाठी होतो. एकाने खोलावं, दुसऱ्याने लिहावं आणि फोटो काढावेत, तिसऱ्याने मॅन्युअलमधली पुढची पायरी मोठ्याने वाचावी. आमच्याकडे एक मोठा पुठ्ठा होता. त्यावर एका मित्राने इंजिनाचा आराखडा काढला आणि प्रत्येक बोल्ट निघाला की त्याच्याच जागी पुठ्ठ्याला भोक पाडून खोचला. एकाच भागाचे दोन बोल्ट दिसायला सारखे असतात, पण एखादा काही मिलिमीटर लांब निघतो. तो चुकीच्या भोकात गेला तर खाली टेकतो आणि आवळल्यासारखा वाटूनही सैल राहतो. पुठ्ठ्यावरची त्याची जागा ठरलेली असली की हा घोळ होत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं तर जिवावर बेतू शकतं. हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखंच काम करतं, आतला दाब वाढवून पाण्याला १०० अंशांपुढेही उकळू देत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तापलेलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

बॅटरीची ऋण तार काढावी, कूलंट भांड्यात काढून घ्यावा. तो गटारात ओतू नये आणि उघडाही ठेवू नये. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्यामांजरांचा त्याने जीव जातो.

हेड उतरवताना

आधी टायमिंग. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. ही सांगड टायमिंग बेल्ट राखतो. बेल्ट काढण्याआधी पहिला पिस्टन सर्वांत वर आणून दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवाव्यात आणि त्यांचा फोटो घ्यावा. बेल्ट निघाल्यावर दोघांपैकी काहीच फिरवू नये, कारण अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटू शकतात.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे, फेऱ्या करत सैल करतात. एकीकडचे बोल्ट एकदम काढले, तर तिथला दाब नाहीसा होतो, दुसरीकडचा तसाच राहतो आणि हेड वाकतं. सगळे निघाले तरी हेड सहसा चिकटून बसतं. चिकटलं म्हणून सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. ॲल्युमिनियम मऊ असतं, एक ओरखडा पुरेसा होतो. लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्यावेत, मग दोघांनी सरळ वर उचलावं. हेड जमिनीवर पालथं टाकू नये. काही व्हॉल्व्ह उघडे असतात आणि त्यांची तोंडं खाली डोकावत असतात. दोन्ही टोकांना लाकडी फळ्या द्याव्यात.

आता पाण्याचा माग लागतो. आमच्या इंजिनात दोन पिस्टनांच्या माथ्यावर काजळीचा काळा थर होता. तिसऱ्याचा माथा मात्र धुतल्यासारखा चकचकीत होता. त्या सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याची रोज वाफ होत होती आणि तिने काजळी खरवडून काढली होती. गॅस्केटवर त्याच सिलिंडरच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत एक काळपट रेघ गेलेली होती, नखाएवढी. बाटलीतलं पाणी याच रेघेने जात होतं.

केसाहून बारीक माप

जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या खरवडणीने काढावेत. जुन्या गाडीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासून धूळ उडवू नये. ओलसर ठेवून काढावं. ड्रिलला घासणारी चकती लावून झटपट साफ करण्याचा मोहही टाळावा. तिचे कठीण कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगमध्ये जातात आणि इंजिन खातात, शिवाय पृष्ठभागावर खळगे पडतात. ब्लॉकमधली बोल्टची भोकंही नीट पुसून कोरडी करावीत. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं, तर बोल्ट त्यावर दाबला जातो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग सपाटी तपासायची. अचूक सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहायची. अशा छोट्या इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो. माणसाचा केस सहसा त्याहून जाड असतो. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवत नाही, म्हणून अंदाजावर सोडू नये.

बाक जास्त असेल, तर हेड मशीन शॉपमध्ये न्यावं. तिथे फेसिंग करून पृष्ठभाग सपाट करतात आणि दाबाखाली तडा आहे का तेही तपासतात. घरच्या कामातला एवढा टप्पा बाहेरूनच करून घ्यावा लागतो.

बोल्ट आवळण्याचं शास्त्र

नवं गॅस्केट बसवताना कोणती बाजू वर, ते पाहायचं. बहुतेकांवर तशी खूण असते. पाण्याची आणि ऑइलची भोकं ब्लॉकवरच्या भोकांशी ताडून पाहायची. काही भोकं मुद्दाम लहान ठेवलेली असतात, पाणी कुठे किती जावं हे त्यांवर ठरतं. ती मोठी करायची नाहीत. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल, तर जास्तीचं सीलंटही लावू नये.

इथून पुढे सगळं बोल्टांवर आहे. बोल्ट आवळतो तेव्हा आपण तो ताणत असतो. पोलादाचा लांब बोल्ट किंचित लांबतो आणि पुन्हा आखूड व्हायला ओढ घेतो. त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबून धरलं जातं. सिलिंडरमधल्या १,८०० किलोच्या धक्क्याला ही ओढ पुरून उरायला हवी, आणि सर्व बोल्टांत ती सारखी हवी.

अडचण अशी की पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ दशांश भाग आट्यांमधल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांत मळ किंवा गंज असेल, तर घर्षण आणखी वाढतं. टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र पुरेसा ताणलेला नसतो. म्हणून आटे स्वच्छ हवेत, आणि मॅन्युअल म्हणेल तिथेच आणि तेवढंच ऑइल लावायला हवं. अनेक नव्या गाड्यांत घर्षणाचा हा घोळ टाळायला आधी ठराविक टॉर्क आणि मग ठराविक अंश फिरवणं अशी पद्धत असते. त्या बोल्टांना कायमचा ताण बसलेला असेल, तर ते पुन्हा वापरत नाहीत, नवे घेतात.

आवळण्याचा क्रम खोलण्याच्या उलट: मधून सुरुवात, मग आळीपाळीने दोन्हीकडे बाहेर. शिवाय पूर्ण जोर एकदम लावायचा नाही. सर्व बोल्ट आधी थोडे, मग निम्म्याहून अधिक, मग पूर्ण, असे टप्पे करायचे. मधून बाहेर गेलं की गॅस्केट कडांकडे पसरत सपाट होतं. कडेपासून सुरुवात केली, तर मध्ये फुगवटा अडकतो. इथेही एकाने आवळावं आणि दुसऱ्याने कागदावर एकेक बोल्ट खोडत जावं.

चावी फिरवण्याआधी

बेल्ट चढवून खुणा जुळल्या की चावीला हात लावायचा नाही. पान्याने क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. कुठेही अडला तर थांबून टायमिंग पुन्हा पाहावं. दोन फेऱ्यांनी खुणा परत जुळल्या, तर सांगड बरोबर बसली. व्हॉल्व्हच्या टॅपेटच्या फटी मापाला लावाव्यात. जुन्या ऑइलमध्ये पाणी गेलं असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही.

कूलंट सावकाश भरावा. आत अडकलेली हवा मोठा धोका करते. ती जिथे साचते तिथे पाणी पोचत नाही, आणि नुकतंच बसवलेलं हेड पुन्हा तापतं. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवावं, पातळी खाली गेली की भरत राहावं. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत बाजूला जाऊ नये.

चौकट: घरी करावं की नाही?

• करावं: कॅमशाफ्ट बेल्टवर फिरणारं साधं, जुनं पेट्रोल इंजिन असेल, त्याच गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल, अचूक टॉर्क रेंच आणि सरळ पट्टी असेल आणि गाडी काही दिवस उभी राहिली तरी चालणार असेल, तर.
• करू नये: डिझेल किंवा टर्बो इंजिन, टायमिंग चेन, दुर्मिळ हत्यारं लागणारी रचना, किंवा ब्लॉकला तडा असल्याचा संशय.
• मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा आणि क्रम त्याच इंजिनाचा हवा. दुसऱ्या गाडीचा चालत नाही.
• गळती बुजवणाऱ्या बाटलीतल्या औषधाने गाडी फार तर घरी पोचते. ते रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

मूळ दुखणं शोधल्याशिवाय काम संपत नाही

गॅस्केट बदललं, गाडी सुरू झाली, म्हणजे अर्धं काम झालं. गाडी तापली कशामुळे, हे सापडलं नाही, तर तेच पुन्हा होणार. तापण्याची वेळ पाहून कारण शोधता येतं. गर्दीत रांगत चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर पंखा किंवा त्याचा स्विच पाहावा, कारण वेग घेतल्यावर वाऱ्याने पंख्याची उणीव भरून निघते. उलट महामार्गावर किंवा घाट चढताना तापते, तर रेडिएटर चोंदलेला आहे, वॉटर पंप थकला आहे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग सैल असेल, तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

आपल्याकडे आणखी एक कारण नेहमी सापडतं: बोअरचं पाणी. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ते क्षारयुक्त असतं. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं, की बारीक नळ्यांत पांढरा थर बसतो, उष्णता बाहेर पडायला अडते आणि नुसत्या पाण्याने आतून गंजही धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं योग्य मिश्रण गंज रोखतं आणि उकळण्याचं तापमानही वाढवतं. कूलंट म्हणजे चैन आहे, असं समजून तो टाळणाऱ्यांना हेड गॅस्केटच्या मजुरीत त्याची किंमत कितीतरी पटींनी मोजावी लागते.

आणि हे सगळं टाळण्याची शेवटची संधी चालवणाऱ्याच्या हातात असते. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला, की पुढच्या वळणावरचा ढाबा गाठायचा विचार सोडावा. एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा, म्हणजे तोही इंजिनातली उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. रस्त्याच्या कडेला घालवलेला अर्धा-पाऊण तास मोठा वाटतो खरा, पण गॅस्केटवरची याहून स्वस्त दुरुस्ती कोणत्याच गॅरेजमध्ये मिळत नाही.